तुटलेला आरा, ओला तंबू

मागच्या चाकातला आरा तुटतो तेव्हा आवाज अगदी लहान येतो. तंबोऱ्याची तार तुटावी तसा एकच ‘टंग’. घाट चढताना धापा टाकणाऱ्या माणसाला तो बहुतेकदा ऐकूही येत नाही. थोडं पुढे गेल्यावर मात्र चाक ब्रेकच्या रबराला घासायला लागतं, सायकल जड वाटू लागते आणि खाली उतरून पाहिलं की कळतं, रिम आऊट झाली आहे. छत्तीस आऱ्यांपैकी एक गेला. तोही फ्रीव्हीलच्या बाजूचा.

या शेवटच्या तीन शब्दांत सगळी गोम आहे. डाव्या बाजूचा आरा तुटला तर नवा ओवता येतो. उजव्या बाजूला गिअरच्या दातेरी चकत्यांची चळत आड येते. ती उतरवल्याशिवाय आरा हबच्या भोकात शिरत नाही, आणि ती उतरवायला खास पाना लागतो. तो पाना सोबत नसेल तर पिशवीत डझनभर नवे आरे असूनही काही उपयोग नाही. आणि आरा तुटतो तो नेमका याच बाजूचा. मागच्या चाकावर माणसाचं आणि सामानाचं मिळून सर्वांत जास्त वजन असतं. गिअरच्या चकत्यांना जागा करून देण्यासाठी उजवीकडचे आरे जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात.

मनाली ते लेह हा रस्ता सुमारे 475 किलोमीटरचा. रोहतांग खिंड 3,978 मीटरवर, बारालाचा ला जवळजवळ 4,900 मीटरवर आणि शेवटची तांगलांग ला 5,300 मीटरच्याही वर. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरकडचे सायकलस्वार दर उन्हाळ्यात तंबू आणि स्टोव्ह बांधून तिकडे जातात. सायकलच्या चाकाचा परीघ साधारण 2.1 मीटर धरला तर एका किलोमीटरला चाकाचे 475 च्या आसपास फेरे होतात. म्हणजे मनालीहून लेहला पोचेपर्यंत सव्वादोन लाख फेरे. प्रत्येक फेऱ्यात जमिनीकडे आलेला आरा क्षणभर सैल पडतो आणि वर जाताना पुन्हा ताठतो. तार हातात धरून पुढे-मागे वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते. आराही तसाच थकतो आणि बहुधा हबजवळच्या वाकणात तुटतो. सामान वीस किलोंचं असेल तर तो लवकर थकतो.

लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासावर बोलताना लोक पायांविषयी बोलतात, मनाच्या जिद्दीविषयी बोलतात. जे खरोखर महिनोन् महिने सायकलवर राहिले त्यांचं बोलणं मात्र आरे, कॅरिअरचे बोल्ट, तंबूची चेन, स्टोव्हचं वॉशर यांच्याभोवती फिरतं. कारण प्रवास अडतो तो तिथे. गेली एकशे चाळीस वर्षं हे प्रवासी एकाच प्रश्नाशी झुंजत आहेत: सोबतची वस्तू कधी ना कधी बिघडणारच, पण ती जिथे बिघडेल तिथे नीट होईल का?

पन्नास इंची चाक आणि एक रेनकोट

थॉमस स्टीव्हन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला तरुण 22 एप्रिल 1884 रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, तेव्हा त्याच्याकडे पुढचं चाक पन्नास इंचाचं आणि मागचं चाक इवलंसं अशी उंच सायकल होती. सामान हँडलला बांधलेल्या पिशवीत मावेल एवढंच: पायमोजे, एक जादा शर्ट, एक रिव्हॉल्व्हर आणि एक रेनकोट. तोच रेनकोट रात्री तंबू व्हायचा आणि तोच अंथरूण-पांघरूण. 4 ऑगस्टला तो बॉस्टनला पोचला. पुढे युरोप, तुर्कस्तान, इराण करत तो अफगाणिस्तानपर्यंत आला, तिथून त्याला परत फिरवण्यात आलं, मग जहाजाने वळसा घालून तो हिंदुस्थानात उतरला आणि 1886 मध्ये लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने सायकल चालवत गेला. त्याच वर्षी 17 डिसेंबरला जपानमधल्या योकोहामात त्याचा प्रवास संपला. सायकलवरून जगप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस.

त्याच्या सायकलकडे आजच्या नजरेने पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. तिला चेन नव्हती, गिअर नव्हते, चाकात हवा नव्हती. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते तशी तिला भरीव रबराची धाव होती. पंक्चर हा शब्दच त्या प्रवासात असण्याचं कारण नव्हतं. बिघडण्यासारखं जितकं कमी, तितकी वाटेत खोळंबण्याची भीती कमी. दुसरी गोष्ट या साधेपणाच्या किमतीची. त्या उंच चाकाला फ्रीव्हील नसे, पायडल चाकाबरोबर सतत फिरत राही आणि पुढच्या चाकाला दगड अडला तर माणूस थेट हँडलवरून डोक्यावर आपटे. अमेरिकेतल्या त्या प्रवासाचा मोठा भाग स्टीव्हन्सने सायकल ढकलत, उचलत चालून काढला.

1888 मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. सायकल मऊ चालू लागली, वेगवान झाली, आणि तिला पंक्चर होऊ लागलं. सुखाची प्रत्येक सोय आपल्याबरोबर बिघाडाची एक नवी जात घेऊन येते, हे सायकलवाल्यांना तेव्हापासून माहीत आहे.

मुंबईहून निघालेले सहाजण

15 ऑक्टोबर 1923 रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया. कापडिया तेहरानहून परतले, दोघे अमेरिकेत गळाले. उरलेले तिघे, हकीम, बापासोला आणि भुमगरा, 18 मार्च 1928 रोजी मुंबईत परत आले. साडेचार वर्षं आणि सुमारे 71,000 किलोमीटर. इराण आणि इराकचं वाळवंट, बगदादहून अलेप्पोपर्यंतचा तेवीस दिवसांचा वाळूतला प्रवास, आल्प्स, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, इंडोचायना, सयाम, ब्रह्मदेश असं करत ते आसामातून मायदेशी आले. त्यांच्या ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे.

त्या काळात सामान म्हणजे काय, हे आज डोळ्यांसमोर आणावं लागतं. नायलॉन जन्माला यायला अजून एक तप होतं; प्रयोगशाळेत तो तयार झाला 1935 मध्ये. तंबू, पिशव्या, अंगावरचे कपडे हे सगळं सुताचं, लोकरीचं आणि चामड्याचं. कॅनव्हास भिजला की दुप्पट जड वाटतो आणि वाळल्याशिवाय घडी करून ठेवला तर त्याला बुरशी येते. फ्रेम पोलादी नळ्यांची. हे सगळं जड होतं. पण कॅनव्हास फाटला तर खेड्यातला चांभार दाभणाने शिवून देई, आणि पोलाद वाकलं तर लोहार ते भट्टीत तापवून ऐरणीवर सरळ करी. या तिघांनी ओलांडलेल्या मुलखांत सायकलचं दुकान क्वचित असेल; लोहार आणि चांभार मात्र बहुतेक ठिकाणी होते.

त्यांच्या पाठोपाठ मुंबईहून 1924 मध्ये फ्रामरोज दावर निघाले. व्हिएन्नामध्ये त्यांना गुस्ताव श्टावयानिक हा ऑस्ट्रियन साथीदार मिळाला आणि दोघे मिळून सहारा, अँडीज आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातून गेले. सात वर्षं, 52 देश, 1,10,000 किलोमीटर. 1933 मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे निघाले आणि दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, 1942 मध्ये परतले. अंतर 84,000 किलोमीटर. ही सगळी नावं कित्येक दशकं जवळजवळ विस्मरणात गेली होती. गोव्यात राहणारे अनूप बबानी आणि साविया व्हिएगस यांनी या तिन्ही प्रवासांची पुस्तकं, छायाचित्रं आणि कुटुंबांकडची कागदपत्रं धुंडाळून ती पुन्हा लोकांसमोर आणली. सायकलप्रवासाचा इतिहास युरोप-अमेरिकेत लिहिला गेला म्हणून तो तिकडचाच, असं मानणाऱ्यांनी ही नावं जरूर वाचावीत.

गिअर काढून टाकणारी बाई

डर्व्हला मर्फीला दहाव्या वाढदिवशी जुनी सायकल आणि एक नकाशासंग्रह मिळाला. आयर्लंडमधल्या लिस्मोर गावच्या त्या मुलीने तेव्हाच ठरवलं की सायकलने हिंदुस्थानात जायचं. आजारी आईची सेवा संपेपर्यंत ती थांबली आणि 1963 च्या जानेवारीत, युरोपातल्या भयंकर हिवाळ्यात, एकतिसाव्या वर्षी निघाली. सायकलचं नाव रॉझ. त्याच वर्षी जुलैत ती दिल्लीत पोचली.

निघण्यापूर्वी तिने केलेली एक गोष्ट सायकलवाल्यांच्या जगात अजून सांगितली जाते. रॉझला तीन गिअर होते. ते तिने काढून टाकले. आशियातल्या रस्त्यांवर ती नाजूक यंत्रणा टिकणार नाही आणि बिघडली तर कोणी नीट करू शकणार नाही, असा तिचा हिशेब होता. म्हणजे हिमालयाच्या कुशीतले चढ ती एकाच गिअरवर चढली, आणि जिथे चढता आले नाहीत तिथे सायकल ढकलत, बर्फातून उचलत गेली. टायर मात्र कमी पडणार हे तिने ओळखलं होतं, म्हणून जादा टायर वाटेतल्या ठिकाणी आधीच पाठवून ठेवले. काय सोबत न्यायचं, काय पुढे पाठवायचं आणि काय मुळातच काढून टाकायचं, या तीन निर्णयांत तिची सगळी तयारी आली.

जर्मनीतल्या हॉव्हेलहोफचा हाइन्त्स श्ट्युके 1962 मध्ये घराबाहेर पडला आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर, 2014 मध्ये परतला. या काळात त्याने सहा लाख किलोमीटरपेक्षा जास्त सायकल चालवली, यातली बहुतेक वर्षं तीन गिअरच्या एकाच जड पोलादी सायकलवर. तिची फ्रेम पुन्हा पुन्हा मोडली आणि पुन्हा पुन्हा वेल्डिंग करून जोडली गेली. ती सायकल ॲल्युमिनियमची असती तर गॅस वेल्डिंगच्या साध्या दुकानात हे जमलं नसतं. ॲल्युमिनियम जोडायला आर्गॉन वायूचं वेल्डिंग लागतं, त्यातला जाणकार लागतो, आणि जोडलेला सांधा पहिल्याइतका भरवशाचा राहीलच असं नाही. लांब पल्ल्याच्या सायकलींत कॅरिअर तरी पोलादी असावं, हा आग्रह इथून आला. ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणारा माणूस मोडलेलं पोलादी कॅरिअरही जोडून देतो.

पाण्याशी झगडा

दुरुस्तीचा हा हिशेब ऐकून जुनं ते सोनं असं कोणाला वाटेल, तर तेही खरं नाही. काही गोष्टी आज निःसंशय चांगल्या आहेत आणि त्या चांगल्या झाल्या, कारण कोणीतरी कधीतरी चिंब भिजलं होतं.

जर्मन सायकलस्वार हार्टमुट ऑर्टलीब इंग्लंडच्या दक्षिणेत सायकलवर फिरत होता. पाऊस थांबेना, पिशव्यांतले कपडे भिजलेले. रस्त्याने जाणाऱ्या ट्रकवरची ताडपत्री पाहून त्याला सुचलं की मालाला कोरडं ठेवणारं हे कापड सायकलच्या पिशवीला का चालू नये. घरी येऊन त्याने आईच्या शिलाई मशीनवर पहिल्या पिशव्या शिवल्या आणि 1982 मध्ये कंपनी सुरू केली. शिवणीच्या प्रत्येक टाक्यातून पाणी शिरतं, म्हणून पुढे शिवण जाऊन कापडाचे तुकडे वितळवून जोडणं आलं, आणि तोंडाला चेनऐवजी गुंडाळी आली. चेन नाही म्हणजे तुटायला चेन नाही. जगभरच्या सायकलींवर आज दिसणाऱ्या गुंडाळीच्या तोंडाच्या पिशव्यांची घडण ही अशी.

तंबूचं मात्र तसं झालेलं नाही. महाराष्ट्रात दिवाळीनंतर थंडी पडली की सायकलींचे गट सागरी मार्गाने गोव्याकडे निघतात. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बाणकोट, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या सायकलसकट फेरीबोटीतून ओलांडत जाणारी ही वाट चढउतारांची आहे, पण देखणी. रात्रीचा मुक्काम कधी देवळाच्या सभामंडपात, कधी शाळेच्या ओट्यावर, कधी सड्यावर. आणि इथेच परदेशी थंडीसाठी बनवलेल्या तंबूची परीक्षा होते. जांभ्याच्या कातळात खुंटी शिरत नाही. सभामंडपाच्या फरशीत तर प्रश्नच नाही. जो तंबू खुंट्यांच्या ताणावरच उभा राहतो, तो अशा जागी पसरून पडतो. मग त्याच्या दोऱ्या दगडांना, खांबांना नाहीतर सायकलच्याच चाकाला बांधाव्या लागतात. स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू थोडा जड पडतो, पण इकडे तोच कामाचा.

दमट हवेत आणखी एक त्रास होतो. बंद तंबूत झोपलेल्या माणसाचा श्वास आणि घाम यांची वाफ वरच्या थंड कापडाला लागून पाणी होते आणि पहाटे थेंब अंगावर पडतात. पाऊस पडलेला नसतानाही तंबू आतून ओला. अनेकजण अशा वेळी कापड खराब आहे असं समजतात, पण इलाज हवा खेळती ठेवण्यातच असतो. खरा घात होतो तो घरी आल्यावर. ओलसर तंबू पिशवीत कोंबून माळ्यावर टाकला की कापडावरचा पॉलियुरेथेनचा जलरोधक थर दमटपणाने हळूहळू विघटित होऊ लागतो. पुढच्या हंगामात उघडला की तो चिकट लागतो, आंबूस वास येतो, शिवणीवरची पट्टी सुटून लोंबू लागते. असा तंबू पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

तंबूची दुसरी दुखरी जागा म्हणजे चेन. कापड चांगलं राहतं, काठ्या चांगल्या राहतात आणि चेन मिटत असल्यासारखी दिसून मागे उघडत जाते. दात झिजलेले नसतात. वाळूच्या कणांनी सरकपट्टीचं तोंड रुंदावलेलं असतं. लहान पकडीने दोन्ही बाजूंनी हलके दाबून ते पुन्हा आवळता येतं. जास्त दाबलं तर ती तुटते. हे काम शिंप्याला चांगलं येतं, कारण बॅगांच्या आणि जॅकेटांच्या चेनला तो हेच करतो. काठी मोडली तर तिच्यावर सरकवायची बोटभर नळी मिळते. ती नसेल तर रस्त्याकडेची बांबूची कामटी आणि चिकटपट्टी यांनी रात्र निभावते.

पिन, काकडा आणि न शिजलेली डाळ

स्टोव्हच्या बाबतीत मराठी घरांना बाहेरून काही शिकायची गरज नाही. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने 1892 मध्ये काढलेला प्रायमस हा दाबाचा स्टोव्ह 1953 मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेवर होता आणि त्याची भावंडं गॅस येईपर्यंत इथल्या स्वयंपाकघरांत होती. रॉकेलमध्ये भिजवलेला काकडा पेटवून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, ज्योत पिवळी होऊन भडकली की पिन मारायची. सायकलप्रवासी आज पेट्रोलवर चालणारा जो चिमुकला स्टोव्ह नेतात, त्याचं काम अगदी हेच. सिएटलच्या लॅरी पेनबर्थीने 1973 मध्ये इंधनाची बाटलीच टाकी म्हणून वेगळी जोडण्याची सोय बाजारात आणली, एवढाच मोठा फरक.

बिघाडही तेच. इंधनातली काजळी सुईच्या टोकाएवढ्या भोकात साचते आणि ज्योत फुरफुरत विझते. पंपाचं चामडी किंवा रबरी वॉशर सुकलं की हवा धरत नाही. तेलाचा एक थेंब लावून ते बोटाने मोकळं केलं की पुन्हा धरतं. रबरी कड्या चिरल्या तर सांध्यातून पेट्रोल झिरपतं, आणि तंबूच्या दारात ते जीवघेणं ठरू शकतं. म्हणून स्टोव्ह पेटवायचा तो तंबूबाहेर, वाऱ्याला आडोसा करून. गॅसच्या डबीचा स्टोव्ह स्वच्छ आणि सोपा, पण ती डबी विमानात नेता येत नाही आणि मनाली-लेहसारखी गिर्यारोहकांची गावं सोडली तर सहज मिळत नाही. मनालीहून लेहकडे जाताना टांडीच्या पेट्रोल पंपावरच्या फलकावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचं अनेक वर्षं लिहिलेलं होतं. त्या फलकाखाली फोटो काढण्यापूर्वी सायकलवाले स्टोव्हची बाटली भरून घेत.

उंचीवर आणखी एक अडचण येते आणि तिच्यापुढे स्टोव्ह कितीही चांगला असला तरी चालत नाही. दर 300 मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. सर्चू जवळजवळ 4,300 मीटरवर आहे, म्हणजे तिथे पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं. भांडं खदखदत असतं, वाफ निघत असते आणि डाळ मात्र तासाभरानेही दाताखाली येते. कारण उकळणाऱ्या पाण्याचं तापमान आणखी वाढत नाही. तिथले ढाबेवाले कुकर वापरतात. सायकलवर कुकरचं वजन परवडत नाही, म्हणून शहाणे प्रवासी डाळ-तांदूळ ठेवून पोहे, शेवया, सातू, रवा नेतात. भाजलेल्या सातूच्या पिठाला तर उकळीची गरजच नाही. थंड पाण्यात कालवलं की झालं.

व्हॉल्व्हचं भोक

परदेशी बनावटीची सायकल घेऊन सोलापूर किंवा नांदेड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात पंक्चर काढायला गेलं की मिस्त्री आधी व्हॉल्व्हकडे पाहतो. आपल्याकडच्या साध्या सायकलीला डनलॉपच्या नावाने ओळखला जाणारा, रबराची व्हॉल्व्ह ट्यूब चढवलेला व्हॉल्व्ह असतो. मोटारगाडीचा व्हॉल्व्ह वेगळा. आणि या सायकलीचा प्रेस्टा व्हॉल्व्ह बारीक, वर छोटा नट असलेला. दुकानातल्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. नखाएवढी पितळी टोपी सोबत असली तर दोन मिनिटांत काम होतं, नसली तर पन्नास किलोमीटरवरच्या शहरापर्यंत टेम्पो शोधावा लागतो.

ट्यूबच बदलायची तर भोकाचा प्रश्न येतो. प्रेस्टासाठीच्या रिमचं भोक 6.5 मिलिमीटरचं, मोटारगाडीच्या व्हॉल्व्हसाठीचं 8.5 चं. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह चालतो, बारीक भोकात जाड व्हॉल्व्ह शिरत नाही. म्हणून काही अनुभवी मंडळी निघण्यापूर्वीच रिमचं भोक मोठं करून घेतात. टायरचंही तसंच. जुन्या 26 इंची माउंटन बाइकची रिम 559 मिलिमीटर व्यासाची, आजच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या सायकलींची 622, आणि आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीची 635. 622 आणि 635 मध्ये फरक फक्त 13 मिलिमीटरचा, म्हणजे एका बोटाच्या जाडीचा. डोळ्यांना दोन्ही ‘अठ्ठावीस इंची’ दिसतात, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. टायरची बाजू चिरली तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून वेळ मारून नेतात. अगदीच काही नसलं तर टायरमध्ये गवत ठासून भरतात आणि चालण्याच्या वेगाने पुढचं गाव गाठतात.

पावसाळ्याच्या शेवटी मराठवाड्यातून जाणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. रस्त्याकडेच्या ओल्या काळ्या मातीत सायकल उतरली की माती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये भरत जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. काडीने ती खरवडावी तर दहा पावलांवर पुन्हा भरते. पावसापासून वाचवायला लावलेलं मडगार्ड तिथे काढून कॅरिअरला बांधावं लागतं.

ही माहिती बाजारात सायकल विकत घेताना कोणी देत नाही. दुकानात वजन सांगतात, गिअर किती ते सांगतात. फ्रीव्हील काढायचा पाना, दोन-चार नेमक्या लांबीचे आरे, चेनची जोडकडी, कॅरिअरचे बोल्ट यांबद्दल विचारलं की मागवावं लागेल असं उत्तर येतं, आणि काही वस्तू तर सुटे भाग न मिळावेत अशाच घडवलेल्या असतात. महागाचा हवेचा बिछाना कडेने सुटला तर तो जोडता येत नाही. फेकून नवा घ्यावा लागतो. साधी फोमची गुंडाळी जाडजूड दिसते, पण तिला पंक्चर होत नाही. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेली वस्तू त्याला उघडता यायला हवी, तिचं वॉशर आणि स्क्रू दुकानात मिळायला हवेत. हा हक्काचा भाग आहे, आणि सायकलवाल्यांनी तो मोठ्याने मागायला हवा.

आताची पिढी

2018 मध्ये वेदांगी कुलकर्णी ही पुण्याची वीसएक वर्षांची मुलगी ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली आणि 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटरचं अंतर कापून डिसेंबरमध्ये कोलकात्यात पोचली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटलं गेलं, रशियातल्या थंडीतून ती गेली. प्रवासाचा बराच भाग तिने एकटीने केला. 1923 च्या सहाजणांनी मुंबई सोडली त्याला तेव्हा पंचाण्णव वर्षं झाली होती. तिच्या हातात उपग्रहांवर चालणारा नकाशा होता, त्यांच्या हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र. रात्री झोपण्यापूर्वी चेनवरची वाळू पुसून तेलाचा थेंब सोडणं मात्र दोघांनाही चुकलेलं नसणार.

प्रवासाला निघण्यापूर्वी अनेक घरांत आता एक गोष्ट दिसते. दिवाणखान्यात चादर अंथरून सगळं सामान मांडलेलं असतं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती मोडली तर काय करायचं हे ठरवलं जातं. कॅरिअरचा पाच मिलिमीटरचा बोल्ट खडबडीत रस्त्यावर हादऱ्यांनी सैल होऊन पडतो, म्हणून त्याचे चार जोड एका डबीत. तार, प्लास्टिकच्या पट्ट्या, सोल्यूशनची ताजी ट्यूब, कारण उघडलेली जुनी वाळून गेलेली असते. दाभण आणि मेणाचा दोरा. आरे चिकटपट्टीने फ्रेमच्या नळीला बांधलेले. तंबू एकदा गच्चीवर उभारून, बादलीभर पाणी ओतून पाहिलेला. अशा मांडामांडीत वडीलधारी माणसंही सामील होतात, आणि स्टोव्हची पिन कशी धरायची हे बहुतेक वेळा आजीच दाखवते.

परत आल्यावर हीच चादर पुन्हा अंथरली जाते. पिशव्यांच्या तळाशी साचलेली देवगडची वाळू, मिठाने पांढरी पडलेली चेन, एका बाजूला झिजलेले ब्रेकचे रबर. चाक मिस्त्रीकडे आऊट काढायला गेलेलं असतं. तंबूची चेन दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करून ठेवली जाते, दोऱ्या धुतल्या जातात आणि तंबू बाल्कनीत दोरीवर उलटा टाकला जातो. दोन दिवस ऊन मिळतं. तिसऱ्या दिवशी हात लावून पाहिलं तर तळाच्या कोपऱ्यातली शिवण अजून ओलसर लागते, आणि तो आणखी एक दिवस तिथेच राहतो.